छत्तीस सेकंदांचे अर्धे मिनिट

वॉर्डच्या औषधखोलीतल्या खालच्या खणात आम्ही सात जण आहोत: दोन बोथट कात्र्या, एक गंजका चिमटा, टोपण हरवलेली तीन पेने आणि मी. मित्रांनो, मी वाळूचे एक जुने घड्याळ आहे.

कारागिराने चिमूट चिमूट वाळू कमी-जास्त करून मला बरोबर तीस सेकंदांवर आणले आणि बंद केले. पूर्वी प्रत्येक सिस्टर रुग्णाच्या मनगटावर बोटे ठेवून मला उलटवायची, ठोके मोजायची, दुप्पट करायची. मोठ्या सिस्टर म्हणायच्या, "हे खोटं बोलत नाही." मग नाडी मोजणारी यंत्रे आली. माझ्या बुडाला तडा गेला, आत ओल शिरली, वाळू अडखळू लागली. कोणी विचारले नाही.

हात लावला तो फक्त धाकट्या सिस्टरने. सात नंबरच्या खाटेवरचे आजोबा गेले, त्या दिवशी तिचे काहीच चुकले नव्हते. तरी तेव्हापासून यंत्राची घंटा वाजली की ती हातातले काम उरकायची आणि इथे येऊन जमिनीवर बसायची. बोटांना मुंग्या, घशाला कोरड, छातीत धडधड. यंत्र आकडे साठवून ठेवते, मी ठेवत नाही. म्हणून स्वतःची नाडी ती माझ्यावर मोजायची.

एका दुपारी सहासष्ट ठोके भरले. "एकशे बत्तीस," ती पुटपुटली. खिशात राजीनामा घडी करून ठेवलेला होता. तेवढ्यात वॉर्डच्या मावशी कापूस न्यायला आल्या.

"अगं, अशी काय बसलीस? भूत बघितलंस का?"

"मावशी, दार लावा. माझं हृदय बंद पडणार."

"बंद पडणारं इतकं धावतं होय? मोजलं कशाने?"

तिने मला पुढे केले. मावशींनी मला उलटवले आणि भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहत राहिल्या.

"छत्तीस सेकंद! ओल धरलीय याने. रुग्णांना डोळ्यांत तेल घालून बघतेस आणि स्वतःला भंगाराने मोजतेस?"

धाकट्या सिस्टरने मनात हिशेब केला. "तरी एकशे दहा आहेतच, मावशी."

"आहेत ना. म्हणून तर ऊठ. मोठ्या सिस्टरांना सांगू."

मित्रांनो, मला त्या दिवशी फार लाज वाटली. घाबरलेल्या जिवाला मी बावीस ठोके जास्त सांगत होते. धाकट्या सिस्टरने खिशातून काढून दिलेला राजीनामा मोठ्या सिस्टरांनी फाडला नाही, पुढेही पाठवला नाही. टेबलाच्या खणात ठेवला. तो अजून तिथेच आहे. तिला त्यांनी डॉक्टरांकडे पाठवले. महिन्याभराने ती परतली, पण धडधड काही पुरती गेली नाही.

आता ती माझ्यावर नाडी मोजत नाही. मला एकदा उलटवते आणि वाळू संपेपर्यंत चारच श्वास घेते. मावशी दाराशी उभ्या राहतात. जो दिवसभर दुसऱ्यांना मोजतो, मित्रांनो, त्यालाही कोणीतरी मोजायला हवे, आणि धड घड्याळाने.

काल पुन्हा घंटा वाजली. आधी नाडी एकशे चोवीस होती. मला आठ वेळा उलटवले, म्हणजे चार मिनिटे अठ्ठेचाळीस सेकंद. नंतर मावशींनी भिंतीवरच्या घड्याळाकडे बघून मोजली: अठ्ठ्याण्णव.