इसवणाचं वजन

केरीच्या किनाऱ्यावर मासे विकणाऱ्या कृष्णनाथाच्या वजनकाट्याचं आवरण कधीच गळून पडलं होतं. उरली होती उघडी स्प्रिंग, मागे आकड्यांची पट्टी, वर कडी आणि खाली गळ. कोल्हापूरकडची रंजना बांधकामावरच्या वीस माणसांचं जेवण रांधायची. वर्षभर ती त्याच्याकडून सहा किलो मासे न्यायची आणि वर्षभर तिचं पातेलं अर्धंच भरायचं.

आज तिच्या लक्षात आलं. तो इसवण मासा गळाला अडकवून तळहातावर धरायचा आणि हात झटकन काढायचा. मासा दाणकन खाली जायचा, काटा सहाला टेकायचा आणि परत फिरायच्या आत मेल्याचं ‘सहा’ म्हणून व्हायचं.

"काटा थांबू दे की, दादा."

"सहा म्हणजे सहा, बाय."

तिने मासा खालून धरला आणि हात हळूहळू काढला. काटा तीनवर येऊन गप्प बसला. शेजारच्या बायका हसल्या.

कृष्णनाथाचं टाळकं फिरलं. त्याने रंजनाला वाळूत ढकललं, कडी आपल्या तोंडासमोर धरली, मासा कडीपर्यंत उचलला आणि सगळा राग घालून खाली आपटला. स्प्रिंग हातभर ताणली गेली. तळाशी कल्ला फाटून मासा सुटला आणि त्याने घातलेला सगळा जोर रिकाम्या गळासकट वर उसळला. गळ त्याच्याच गालातून शिरून दातांवर खटकन वाजला.

हातातली कडी सुटली. रक्ताळलेली स्प्रिंग गालाला लटकून वरखाली नाचू लागली. प्रत्येक हिसक्याला तो गुरासारखा ओरडत होता.

रंजना उठली. धावत आलेल्या बायकांना तिने हाताने अडवलं.

"आधी थांबू दे," ती म्हणाली.