आटपाडीतनं निघून गेलेला डोंगर

“आता सांगतो त्याच्यावर तुमचा काय, माझ्या पोरीचासुदिक इश्वास बसायचा न्हाई,” रहिमान पेंटर म्हणाला आणि हळूच पाहुण्यांच्या ड्रायव्हरकडं बघितलं. दारातल्या गाडीचं इंजिन चालूच होतं.

पोरगी सुमैरा दारात ओढणीचं टोक पिळत उभी. आटपाडीच्या माळावर शहरातल्या माणसांना राहायला तिनं दोन खोल्या बांधल्या होत्या. हे पहिलेच पाहुणे. पुण्याहून चित्रं काढायला आले आणि आल्या पावली परत निघाले. पल्लवी नावाच्या बाईनं मोबाइल नाचवत विचारलं होतं, “जाहिरातीतला हा हिरवा डोंगर कुठंय? हा धबधबा?” नजर जाईल तिथवर खडकाळ माळ, चार बाभळी आणि उन्हाला कावलेली शेरडं.

रहिमानला एका जागी उभं राहवेना. ट्रकच्या फळ्या रंगवण्यात हयात गेलेली. हात रिकामा राहिला की जीभ चालायची.

“डोंगर व्हता की! हितंच, शेरडं हायत तितं. पर तुमच्यासारखी माणसं यायला लागली. एक म्हणतोय जरा डावीकडं सरक, दुसरा म्हणतोय ऊन नीट घे अंगावर. बिचारा लाजला. आधी पाठ फिरवून बसला. तरी ऐकंनात, तवा उठला, धबधबा काखंत मारला आणि चालाय लागला.”

“कुठं?” पल्लवीनं सॅक खांद्यावरनं उतरवली.

“वाईला! तितं डोंगर लय, गर्दीत कोण वळखतंय? विट्याच्या चौकात त्यानं आमच्या गावच्या केरबाला रस्ता इचारला. केरबा अजून तापानं झोपून हाय.”

“अब्बा, पुरे,” सुमैरा कुजबुजली.

“पर सांज झाली की घरच्या ओढीनं माघारी येतोय. तवर थांबा.”

ड्रायव्हरनं गाडी बंद केली. पल्लवी बाजेवर बसली, कागद काढला, जाहिरातीच्या फोटोत बघून डोंगर रेखाटला, खाली दोन पाय काढले आणि खुदकन हसली. मग डोंगराला पायताण द्यावं का, म्हणून तिनं फोटोचा पायथा बोटांनी मोठा केला.

रहिमान लगबगीनं मोबाइलकडं सरकला. फळी असो की भिंत, काम झालं की उजव्या कोपऱ्यात बारीक ब्रश फिरल्याशिवाय त्याचा हात थांबत नसे.

“चाचा, साफ खोटं!” पल्लवी ओरडली. “फोटोतल्या डोंगराखाली कोपऱ्यात ‘पेंटर रहिमान, आटपाडी’ लिहिलंय! आता बसा इथं, आणि माझ्या डोंगराला पायताण तुम्हीच रंगवून द्या!”