फोटोतली नारिंगी रेघ

फोटो चांगला आला होता, हीच तर पंचाईत झाली. हँगरमधल्या फ्रिजवर चुंबकाने लावलेला तो फोटो आर्व्हिड उन्हाळाभर कौतुकाने बघत आला होता. आज कॉफीसाठी दूध काढताना पुन्हा नजर गेली आणि त्याला तो दिवस लख्ख आठवला.

फोटोत तो कॉकपिटच्या तळाशी वाकून एका नटावर नारिंगी रेघ ओढत होता. घरी विमान बांधणाऱ्यांत ही रेघ म्हणजे दिलेला शब्द: नट पान्याने आवळलाय, आता बघायला नको. पण त्या दिवशी क्लबची मंडळी कॅमेरा घेऊन आली तेव्हा नट नुसता बोटांनी चढवलेला होता. "रेघ ओढतानाचा एक होऊन जाऊ दे," कुणीतरी म्हणालं. गडी हुरळला आणि ओढली त्याने रेघ. मागाहून आवळू म्हणाला आणि साफ विसरला. विमान बांधण्यातला त्याचा जोडीदार लेलंड, त्याने रेघ पाहिली आणि वर सीट बसवून टाकली.

वैमानिकाच्या हातातल्या दांडीपासून शेपटीकडे जाणारा गज त्याच नटावर होता. तो हवेत सुटला की विमानाचं नाक वरही होणार नाही आणि खालीही.

बाहेर सगळा क्लब, लेलंडची बायको कोरिनसुद्धा, घडीच्या खुर्च्या टाकून बसला होता. दोघांनी मिळून सहा वर्षं बांधलेल्या विमानात लेलंड पहिल्या उड्डाणासाठी पट्टे आवळत होता.

"असं तोंड का केलंयस?" तो म्हणाला. "कोरिनला वाटेल मी मरायलाच निघालोय."

"दांडी बघितलीस?"

"ही बघ. कशी लोण्यासारखी चालतेय."

शेपटी इमानाने वर-खाली झाली. जमिनीवर ती होणारच होती; तेवढं सैल नटही धरतो. आर्व्हिडने तोंड उघडलं, पण क्लबात नवख्यांना नट आवळायचे धडे देणारा तोच होता. आवळलाही असेल आपण, त्याने मनाला समजावलं. मन काही समजेना.

"तुझ्या रेघा आहेत म्हणून झोप लागली बघ काल," लेलंड म्हणाला आणि त्याने इंजिन चालू केलं.

त्या वाक्याने आर्व्हिडला जागीच मेल्यासारखं झालं. तो पंखाशी धावला आणि गळ्यावरून आडवा हात फिरवला. बंद कर. नाकावरचा पंखा थांबला.

"फोटोतला नट," तो म्हणाला. "मी आवळलाच नाही, लेलंड. फोटोसाठी रेघ ओढली होती."

लेलंड पट्टे सोडून खाली उतरला. दोघांनी विमान ढकलत आत आणलं. खुर्च्यांवरचे लोक माना उंचावून बघत होते आणि आर्व्हिडला मान वर करवत नव्हती. सीट निघाली. लेलंडने आत हात घातला. नट त्याच्या दोन बोटांत फिरला, रेघेसकट.

शिवी आली असती तर बरं झालं असतं. लेलंडने फडक्यावर स्पिरिट ओतलं आणि ती रेघ पुसली. मग शेजारची. मग तिच्या पलीकडची.

"ते नट आवळलेले आहेत रे," आर्व्हिड म्हणाला. "शपथ."

"असतील." लेलंड पुसत राहिला. सगळ्या रेघा गेल्यावर त्याने पाना आर्व्हिडच्या हातात दिला आणि रंगाची बाटली आपल्या खिशात टाकली.

"आवळ तू," तो म्हणाला. "रेघ मी ओढतो."