ढेकूळबाबा आणि बांधापाशी थांबलेला शाप

चकलांबा गावाच्या पारावर मुंगी शिरायला जागा नव्हती. ढेकूळबाबांनी काचेचे दोन ग्लास पाण्याने भरले, एकात डोंगरातल्या जंगलाचं ढेकूळ सोडलं, दुसऱ्यात गावातल्या बिभीषणच्या शेतातलं, आणि 'घट्टम् घट्टम् स्वाहा' म्हणत दाढी हलवली. जंगलाचं ढेकूळ जसंच्या तसं राहिलं. बिभीषणच्या ढेकळाचा बघता बघता गाळ झाला. लोकांनी हात जोडले.

बाबांचं निदान तयारच होतं. माती रुसलीय, शाप लागलाय, म्हणून तर दर पावसात वाहून जाते. उतारा म्हणून दुभती शेळी बाबांच्या आश्रमाला द्यायची. बाबांच्या सगळ्याच उताऱ्यांना दूध येत असे.

बिभीषण शेळी आणायला उठलासुद्धा. त्याच शेळीच्या दुधावर त्याची बायको कडूबाई तान्ह्या नातीला वाढवत होती. कडूबाईच्या शेजारी शाळेतल्या मुनिरा मॅडम उभ्या होत्या. त्या तिच्या कानाशी काहीतरी बोलल्या आणि कडूबाई बिभीषणला थांबायला सांगून शेताकडे पळाली.

ती पदरात दोन ढेकळं घेऊन आली आणि कुणाला काही न सांगता तिने ती ताज्या पाण्यात सोडली. एक विरघळलं, एक टिकलं. टिकलेलं जंगलातलंच, आपल्या तपाने घट्ट झालेलं, असं बाबांनी लगेच जाहीर केलं.

"दोनी आमच्याच शेतातली हायेत," कडूबाई म्हणाली. "टिकलं ते बांधावरच्या गवताखालचं, इरघळलं ते रोटाव्हेटर फिरवलेलं."

बाबा चाचरले. म्हणाले, शाप शेतात आहे, बांधावर नाही.

"मंग शापाला मोजणी कुणी करून दिली?"

सगळा पार हसला. मग मॅडमनी समजावलं. गवताची मुळं आणि कुजलेला पाला मातीचे कण धरून ठेवतात, जंगलातही तसंच. बिभीषणने रोटाव्हेटरने मातीचं पीठ केलं, काडीकचरा पेटवला, खत म्हणून शेण-लेंडी कधी घातली नाही. अशी माती पाणी लागताच सुटते आणि ओढ्याला जाते.

"म्हंजी लेंडीचं औषधच द्याया निघालतो की मी," बिभीषण शेळीच्या गोठ्याकडे बघत म्हणाला.

बाबा तोवर मोटारसायकलवरून गावाच्या हद्दीबाहेर पोचले होते.

माती कुणावर रुसत नाही. ती वाहून जाते त्याचं कारण आपल्याच शेतात असतं. ते दुसऱ्याच्या दाढीत शोधू नये.