रॅकच्या दारामागचं कुंकू

कोहमाऱ्याच्या नाक्यावरच्या दवाखान्यात जमुनाबाई जेवणाचे डबे पोचवायची आणि ते रिकामे होईस्तोवर व्हरांड्यात पाय पसरून बसायची. त्या दिवशी मात्र तिनं स्टूल ओढलं ते मागच्या थंडगार खोलीच्या दाराशी. आत तिची सून पुष्पांजली काम करत होती.

खोलीत लोखंडी रॅक होता आणि रॅकमध्ये दवाखान्याचा सर्व्हर. सगळ्यांचे रिपोर्ट, एक्सरे त्याच्याच पोटात. त्याचा प्रोसेसर बिघडला आणि सकाळपासून बाहेर पेशंट ताटकळत बसले होते. पुष्पांजलीनं सर्व्हर पुढे ओढून उघडला, अंगातली वीज यंत्राला लागू नये म्हणून मनगटाला तारेचा पट्टा बांधला आणि जुना प्रोसेसर अलगद काढून ठेवला.

बांगड्या नसलेल्या त्या मनगटाकडे जमुनाबाईला बघवेना. हे काम सुनेला शिकवलं हेमेंद्रनं, जमुनाबाईच्या एकुलत्या एक लेकानं. यंत्राला हात लावण्याआधी तो तिला बांगड्या काढायला लावायचा, आपल्या खिशात ठेवायचा आणि काम झालं की स्वतः भरून द्यायचा. जमुनाबाई तोंडदेखलं रागवायची, पण सौंदड गावभर कौतुक सांगत फिरायची. मग याच हायवेवर हेमेंद्र ट्रकखाली गेला. सुनेच्या बांगड्या जमुनाबाईनंच फोडल्या. तिच्या स्वतःच्याही कुणीतरी अशाच फोडल्या होत्या. याहून वेगळं काही करता येतं हे तिला ठाऊकच नव्हतं.

नवा प्रोसेसर एका छोट्या बंद डबीत आला होता. मॅनेजर लीलाधर गोंदियाचा माणूस, पूजेशिवाय दवाखान्यात नवा पंखासुद्धा फिरत नसे. रिसेप्शनवरची डिंपल, नुकतंच लग्न झालेली, हळदीकुंकवाचं ताट घेऊन आली आणि साध्या मनानं ते पुष्पांजलीपुढे धरलं. ताई, तुम्हीच लावा, म्हणाली. पुष्पांजलीचा हात उचललाही गेला.

“पुष्पा, तू बाहीर हो,” जमुनाबाई म्हणाली.

कुणी सांगितलं नव्हतं तिला. लीलाधर तर मोबाइलमध्ये डोकं घालून उभा होता. पण दुसरं कुणी बोलण्याआधी आपणच बोललेलं बरं, घरच्या माणसाचं कमी लागतं, असं तिला वाटलं. घरच्या माणसाचंच जास्त लागतं, हे तिला कोण सांगणार? सून बाहेर गेली.

डबी उघडायची नाही, वरूनच पूजा करा, असं ती जाताना बजावून गेली होती. पण झाकणाला कुंकू लावून देवाला पोचतं का? डिंपलनं डबी उघडली आणि भक्तिभावानं हळदीकुंकू सोडलं. पुष्पांजली परतली तेव्हा तिचे डोळे लाल होते. तिनं प्रोसेसर वरून पुसला आणि बसवला. खालची बाजू उलटून बघायची एरवी ती कधी विसरली नसती. सर्व्हरचे पंखे जोरात घुमले आणि थांबले. नारिंगी दिवा लुकलुकत राहिला.

तिनं पुन्हा सगळं खोललं. प्रोसेसरच्या खालच्या सोनेरी ठिपक्यांवर कुंकवाची भुकटी होती. पुसायला स्पिरिट आणायला ती लॅबकडे गेली.

तेवढ्यात लीलाधर पुटपुटला, “भाभीचा हात लागला ना, म्हणून.” रॅकचं दार त्यानं पूर्ण उघडलं, तर आतल्या बाजूला वाळलेल्या कुंकवाची दोन बोटं. दवाखाना सुरू झाला तेव्हा या रॅकची पूजा पुष्पाताईंनीच केली होती, डिंपलच्या तोंडून निघून गेलं. लीलाधरला कारण सापडलं. विधवेचं कुंकू आतच राहिलं म्हणायचं. आधी ते पुसा, म्हणाला.

जमुनाबाई झटक्यानं उठली. एवढ्यानं सुनेवरचा बोल जात असेल तर अजून काय हवं? तिनं पदराचं टोक ओलं केलं आणि दार लख्ख पुसून काढलं.

पुष्पांजली आली. ठिपके स्वच्छ केले, रबरी फुग्यानं हवा मारून खाच साफ केली, प्रोसेसर बसवून स्क्रू आवळले आणि सर्व्हर आत सरकवला. मग तिची नजर दाराकडे गेली.

“कोणं पुसलं हे?”

“मी पुसलं, बाई. लोकं बोलून राहिले होते.”

पुष्पांजलीनं पुसलेल्या जागेवर बोट टेकवलं आणि हळू आवाजात म्हणाली, “एक बोट माझं होतं, आई. दुसरं ह्यायचं. बायकोनंच काऊन लावाव म्हणे, अन् माह्या बोटाच्या बाजूले आपलं बोट उमटवलं. इथं कामाले आली का दर खेपेले दार उघडून पाहत होती मी.”

जमुनाबाईनं पदर पाहिला. टोकाला फिकट लाल डाग होता. लेकाचे शर्ट घरी होते, फोटो होता. पण त्याच्या बोटाचा ठसा जगात तेवढा एकच होता, आणि तो तिनं स्वतःच्या हातानं पुसला होता. ती भिंतीला टेकून खाली बसली आणि रडली. लेक गेला त्या दिवशीसुद्धा ती इतकी रडली नव्हती.

पण पेशंट खोळंबले होते. भाभी, बुरा मत मानना, जरा बाहेर थांबा, बटन डिंपल दाबेल, असं लीलाधरनं सांगितलं. पुष्पांजली पाने-पेचकस गोळा करू लागली, तशी जमुनाबाई उठून दारात उभी राहिली.

“पुष्पा बाहीर नाई जात. मघाशी मीच काढली होती तिले. आता तिले काढाचं असन, तर आधी मले काढा.”

लीलाधरनं खांदे उडवले. पुष्पांजलीनं बटन दाबलं, आणि या वेळी दिवा हिरवा झाला. व्हरांड्यात पहिल्या पेशंटचं नाव पुकारलं गेलं. दोष पुसला म्हणून मशीन चाललं, असं लीलाधर आजही सांगतो.

जमुनाबाईनं ताट सुनेपुढे धरलं. “लाव.”

“एकटीचं काय लावू, आई?”

तेव्हा जमुनाबाईनं, जिच्या बोटाला कित्येक वर्षांत कुंकू लागलं नव्हतं, आपलं बोट बुडवलं आणि दाराच्या आतल्या बाजूला टेकवलं. मग सुनेचं रिकामं मनगट धरून तिचंही बोट कुंकवात बुडवून शेजारी टेकवलं.

ती दोन बोटं अजून तिथं आहेत. उद्या कुणी पदर ओला करून ती पुसायला निघालंच, तर आधी एवढं विचारावं, की ही बोटं कुणाची.