मिटलेला डावा डोळा

चित्रकाराच्या पुतळ्याला सगळ्यांची पसंती मिळाली होती, एकट्या ताईंची तेवढी बाकी होती. ताई म्हणजे चित्रकाराची थोरली बहीण. वय त्र्याऐंशी, गुडघे कुरकुरणारे, जीभ मात्र ठणठणीत. भाऊ जगभर नावाजला आणि गेलाही, तरी त्यांच्या लेखी तो भिंती खराब करणारा कार्टाच होता. निदान त्याचं हे एक काम तरी आपल्या हातून नीट व्हावं, असं मात्र त्यांनी मनाशी ठरवलं होतं.

शिल्पकाराच्या शेडमध्ये मातीचा पुतळा ओल्या फडक्यांत गुंडाळलेला होता. फडकी निघाली. ताईंनी त्याच्याभोवती सावकाश एक फेरी मारली.

"नाक आमच्याच घरातलं आहे," त्या म्हणाल्या. "बाकी हा कुणी भलताच गृहस्थ आहे."

शिल्पकाराचा चेहरा पडला. बिचारा बावीस फोटो समोर ठेवून आठ महिने खपला होता, आणि उद्या साचा घ्यायचा होता.

"काय चुकलं, ताई?"

"दोन्ही डोळे उघडे आहेत."

काहीही निरखताना भाऊ डावा डोळा मिटायचा, मग समोर बादली असो नाहीतर मुख्याध्यापक. मापं घेतो म्हणे! फोटोवाले दम द्यायचे, म्हणून फोटोत तेवढा शहाण्यासारखा बघायचा.

"अहो, पण पुतळा नगरपालिकेसमोर उभा राहणार!" सोबत आलेले पुतळा समितीचे अध्यक्ष कळवळले. "येणाऱ्याजाणाऱ्याला डोळा मारतोय असं दिसेल. गाव हसेल."

"हसू दे. तो होता तेव्हाही हसतच होतं. आता त्याच्या नावानं मिरवायचंय ना? मग त्यालाच मिरवा."

अध्यक्ष शिल्पकाराकडे बघू लागले, शिल्पकार मातीकडे. मग त्यानं अंगठा ओला केला आणि डावी पापणी खाली ओढली. ताईंनी जवळ जाऊन पाहिलं. हाच तो कार्टा.

अनावरणाला पडदा सरकला आणि गाव खो खो हसलं. अध्यक्षांनी भाषण चार वाक्यांत उरकलं.

गर्दी पांगल्यावर शिल्पकार ताईंना शोधत आला. त्या नगरपालिकेच्या पायरीवर, पुतळ्याच्या अगदी समोर, ताठ बसल्या होत्या.

"ताई, चला, गाडी आलीये."

"थांब जरा." त्यांनी मान हलवली नाही. "लहानपणापासून मागे लागायचा. ताई, पाच मिनिटं बस ना, तुझं चित्र काढतो. मला कुठली फुरसत! कधी धुणं, कधी भांडी. साऱ्या जगाची चित्रं काढली रे त्यानं, माझं एकही नाही."

त्यांनी कपाळावरची बट मागे सारली आणि हात पुन्हा मांडीवर ठेवले.

"आता बसलेय, तर हलायला लावू नकोस."

शिल्पकार गाडीवाल्याला थांबायला सांगून आला.