रेषेत लपवलेलं

"दत्ताराम, नीट आठवून सांगा. पूजा रक्त पातळ करायची गोळी घेते का?" महाडच्या दवाखान्यात डॉक्टर शुभदा तिसऱ्यांदा विचारत होत्या.

दत्तारामच्या तोंडचं पाणी पळालं होतं. पोरगी डोळ्यांसमोर वाढली आणि ती रोज काय गिळते हे बापाला ठाऊक नाही. सकाळी कुडपणला चुलीपुढेच ती कोसळली, उजवं अंग लुळं, शुद्ध हरपलेली. महाडला पोचून मेंदूचा स्कॅन होईपर्यंत पावणेचार तास गेले. मेंदूत अडकलेली रक्ताची गाठ विरघळवायचं इंजेक्शन साडेचार तासांच्या आत, म्हणजे आता उरलेल्या पाऊण तासात द्यायला हवं. पण ती गोळी घेत असेल, तर त्याच इंजेक्शनानं डोक्यात रक्तस्राव होऊन जीव जाईल. रक्ताच्या रिपोर्टला तासभर लागणार होता.

उत्तर समोरच होतं. पोलादपूरला काढलेला पूजाचा ईसीजी कॉम्प्युटरवर दिसत होता. तांदळाच्या कणगीत पाटल्या लपवाव्यात तसं तिथल्या कॉम्प्युटरनं त्या वाकड्यातिकड्या रेषेतच तिचं नाव, आजार, गोळ्या लपवल्या होत्या. उघडायला तिचा पासवर्ड हवा. तीनदा चुकला की कायमचं कुलूप.

हे कुलूप लागलं तेही बापाच्याच कर्तृत्वानं. दोन वर्षांपूर्वी पूजाची छाती धडधडू लागली, तेव्हा या शहाण्यानं तिचा ईसीजी नावासकट गावच्या मुंबई मंडळाच्या ग्रुपवर टाकला. का, तर कोणीतरी चांगला डॉक्टर सुचवील. करायला गेले गणपती आणि झाला मारुती. संध्याकाळपर्यंत बातमी नालासोपाऱ्याला रितेशच्या घरी पोचली आणि ठरलेलं लग्न मोडलं. त्या मुलाचं नाव पुन्हा घरात काढायचं नाही, असा दत्तारामचा हुकूम सुटला. पूजानं पुढचे सगळे ईसीजी कुलपात ठेवले.

जन्मतारीख टाकली. चूक. आईचं नाव, ठमाबाई. तेही चूक.

डॉक्टरांनी तो ईसीजी काढणाऱ्या पोलादपूरच्या विनीता सिस्टरांना फोन लावला.

"गोळ्यांची नावं मुंबईच्या डॉक्टरांनी त्यात भरलीत, मला दिसत नाहीत. पासवर्ड तिनं टाकला तेव्हा मी पाठ फिरवून उभी होते. घरात कोणी उच्चारणार नाही असा शब्द घे, एवढंच मी तिला म्हटलं होतं."

दत्ताराम भिंतीला टेकला. जन्मात त्याला एवढी लाज वाटली नव्हती.

"रितेश टाका," तो म्हणाला.

उघडलं. ती गोळी घेत होती. खाली पूजाची स्वतःची सूचना होती: वडिलांना कळवू नये.

"इंजेक्शन देता येणार नाही," डॉक्टर म्हणाल्या. "आत्ताच्या आत्ता मुंबईला हलवा. आमची गाडी पनवेलला गेलीय, दुसरी बघावी लागेल."

दुसरी गाडी लगेच मिळवून देणार तर गावचं मुंबई मंडळच. दत्तारामनं ग्रुपवर लिहिलं, 'महाडवरून मुंबईला अँब्युलन्स पायजे. लगेच.'

'कोण आजारी हाय?' चांगूनं विचारलं. मग कोंडाजीनं. मग आणखी पाच जणांनी.

पडद्याआड पूजाचा श्वास घरघरत होता.

'मी,' त्यानं लिहिलं. 'दत्ताराम. माझ्या छातीत दुखतंय.'